उजवीकडची सीट

गजानन, माझी सर्दी बरी झाली. नाक मोकळं आहे, कान मोकळे आहेत, आणि तू मेला आहेस. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. अक्षर माझंच आहे, तरी कुणीतरी चेष्टेनं लिहून ठेवल्यासारखं वाटतं. त्या दिवशी जेवताना तू माझ्या ताटातली मिरची उचललीस आणि म्हणालास, "सर्दीवाल्यानं तिखट खाऊ नये, मध्या." डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं होतं, पण तुला मिरची हवी होती. मिरचीवरून भांडून गेलेला माणूस चहाच्या वेळेपर्यंत मरतो कसा? मला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. अवघड गोष्ट मला समजेल अशी सांगणारा माझ्या ओळखीत तूच एकटा होतास, हीच पंचाईत आहे.

आपली ओळख बोलण्यावरून झाली. प्रशिक्षणाचा पहिलाच आठवडा, भोजनगृहात मी कुणाला तरी "काहून?" म्हणालो आणि तू हातातलं ताट घेऊन पलीकडच्या बाकावरून उठून आलास.

"वऱ्हाडातला हायेस काय?"

"अमरावतीचा."

"हात तिच्या! मले वाटलं अकोल्याचा असशीन."

इतका निराश चेहरा केलास की मी जवळजवळ माफी मागणार होतो. मग ताट तिथंच ठेवून बसलास, आणि त्यानंतर इतकी वर्षं माझ्याच बाजूला बसलास. मी मास्तरांचा मुलगा, तू अकोल्याबाहेरच्या फुलमळ्यातला. तुझी माय शेवंती आणि झेंडू बाजारात घेऊन बसायची, माझे वडील संध्याकाळी शुद्धलेखनाच्या वह्या तपासायचे. तुझ्या संगतीत राहून मी सुटीत घरी "मले-तुले" करू लागलो, तेव्हा वडिलांनी कपाळाला हात लावला. "सैन्यात पाठवलं होतं, अकोल्याला नव्हे," असं ते म्हणाले. हे तुला सांगितलं तर तू इतका हसलास की बाजूच्या खाटेवरचा उठून बसला.

अकोला-अमरावतीचं भांडण तुला जन्मभर पुरलं असतं. मी म्हणायचो, अकोल्याच्या उन्हाळ्यात विमान कशाला हवं, माणूस नुसता उभा राहिला तरी वर जातो. तू म्हणायचास, "अमरावतीवाले काम कमी अन् भाषण जास्त करते." यातलं काहीच मिटलेलं नाही. असं अर्धवट टाकून जायची तुझी पद्धत नव्हती.

आपण काय काम करतो हे माझ्या घरी मी कधी धड सांगू शकलो नाही. रेडिओ दुरुस्तीसारखं काहीतरी, एवढंच वडील लोकांना सांगत. तू मात्र एका सुटीत तुझ्या मायला मळ्यातल्या विहिरीपाशी घेऊन गेलास. मी मागून उसाचं कांडं सोलत आलो होतो.

"माय, इच्यात वाकून हाक मार."

तिनं तुझंच नाव घेतलं.

"आला न आवाज वापस? आता सांग, पानी वर असतं त आवाज लवकर आला असता का उशिरा?"

"लवकर. येवढं मलेही समजते."

"मंग झालं. आमचं विमान पोटातून अशीच हाक मारते खाली. रेडिओची हाक. जमिनीवरून वापस याले किती येळ लागला थे आमची पेटी मोजते, अन् साहेबाच्या समोर काटा फिरते. जमीन इतकी फूट दूर हाय म्हून."

मायनं थोडा विचार केला. "अन् पेटी खोटं बोलली त?"

"त साहेब मरते," तू हसून म्हणालास. "म्हून त आमाले पगार भेटते."

तिला ते हसणं आवडलं नव्हतं. पदर खोचून ती वाफ्याकडे निघून गेली. तुझं लक्ष नव्हतं, माझं होतं.

पेटी म्हणजे आपला रडार अल्टिमीटर. दोन जणांच्या त्या लहानशा जेटच्या पोटाखाली दोन अँटेना, एक हाक मारणारी, एक ऐकणारी, त्यांच्यापासून पेटीपर्यंत गेलेल्या दोन केबली, आणि पुढं वैमानिकासमोरचा काटा. एवढंच आपलं राज्य. त्या राज्यात कुणी पाय ठेवलेला तुला खपत नसे. रंगाऱ्यांनी एकदा विमानाचं पोट रंगवताना अँटेनांवरूनही चकचकीत ब्रश फिरवला होता. तू बांबूची चपटी काडी घेऊन विमानाखाली उताणा पडलास, आणि रंग खरवडता खरवडता त्या रंगाऱ्याला म्हणालास, "बाप्पा, पोटाले रंग देल्ला थे ठीक, पन तोंडात बोळा काहून कोंबला?" तो बंगालचा, त्याला एक शब्द कळला नाही. तो घाबरून उभा. मग तूच त्याला चहाला घेऊन गेलास आणि रंगाच्या डागांनी भरलेल्या हातांनी कागदावर चित्र काढून कुठं ब्रश लावायचा नाही ते दाखवलंस. रागावणं आणि चहा पाजणं या दोन गोष्टींत तुझं अंतर फार थोडं असायचं.

आणि आपल्या विभागाची ती रीत. कुठं छापलेली नव्हती, कुणी हुकूम काढलेला नव्हता, पण सगळे पाळत. पेटीची दुरुस्ती झाली की तिच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू ज्यानं आवळला, त्यानं चाचणीच्या उड्डाणात उजवीकडच्या सीटवर बसायचं. वैमानिक बाहेर बघून विमान खाली आणणार, आपण काटा बघून उंची मोठ्यानं वाचायची. दोघांचं जुळलं तर पेटी पास. मला ही रीत पहिल्यापासून आवडायची नाही. मला विमान लागायचं. पहिल्या चाचणीत मी दोनशे फुटांपर्यंत वाचलं आणि पुढं पिशवीत तोंड घातलं. खाली उतरल्यावर तू माझी पिशवी धुवायला घेतलीस, वर साहेबांना सांगितलंस, "दोनशेच्या खाली याचा काटा अडकला." तळावर सहा महिने सगळे मला त्यावरून चिडवत होते. पण तुला ती रीत मनापासून पटायची. "आपल्या हातचं जेवन आपन पहिले खाव," म्हणायचास.

आता तो दिवस. मला तो सांगावाच लागेल, कारण मी तो रोज मनात सांगतो आणि दर वेळी तोच शेवट होतो.

ऐकणाऱ्या अँटेनाची केबल घासून उघडी पडली होती. भांडारातून नवी आली ती हातभर जास्त लांब. मी म्हणालो, जास्तीची गुंडाळी करून बांधून टाकू आणि पेटीत फरक जुळवून घेऊ. तू मान हलवलीस. केबल लांब झाली की हाकेला जास्त वाट चालावी लागते, पेटीला वाटतं जमीन दूर आहे, काटा उंच दाखवतो. खाली उतरणाऱ्याला वाटतं अजून वाव आहे, आणि वाव नसतो. हे मला काय माहीत नव्हतं? मी म्हणालो, तयार केबल कापून टोकाची जोडणी पुन्हा हातानं करायची यात धोका कमी आहे का? एक डाख कच्चा राहिला की संपलं. तू म्हणालास, माझा डाख कच्चा राहत नाही. मी म्हणालो, सगळेच असं म्हणतात. तू कापलीस. मी तोंड फुगवून बाजूला बसलो. नंतर मीच झाकण लावलं आणि शेवटचा स्क्रूही मीच आवळला, जरा जास्तच जोरात.

म्हणजे सीट माझी होती, गजानन. रीतीनं माझी होती.

"नाकात शेंबूड घेऊन वर जातं काय?" तू माझ्या हातातून शिरस्त्राण काढून घेतलंस. "कान फुटतीन. बस इथं, मी येतो जाऊन."

"केबलीचं काय ते आल्यावर बोलू," मी म्हणालो. अजून रागातच होतो.

"बोलू न. पळून जाऊन राहिलो काय मी?"

मी हँगरच्या दाराशी उभा होतो. शेजारी दुसऱ्या एका विमानाचं इंजिन जमिनीवर चालवून बघत होते, त्या गोंगाटात तुमच्या विमानाचा आवाज मला वेगळा ऐकूच येत नव्हता. फक्त दिसत होतं. तुमचे वैमानिक थॉमस साहेब उतरायला वळले, चाकं खाली आली, आणि गव्हाच्या शेतांवर असतानाच मला वाटलं, हे फार खाली आहे. धावपट्टी अजून लांब होती. मग विमान बाभळींच्या मागं गेलं आणि वर आलं नाही. धूळ उठली. मी पळालो. काय बघितलं ते लिहिणार नाही, तुझ्या मायला कुणी वाचून दाखवलं तर. थॉमस साहेबांना बाहेर काढलं तेव्हा ते बेशुद्ध होते पण श्वास चालू होता. विमानाची उजवी बाजू शेताच्या धुऱ्यावर, मातीच्या उंच बांधावर, आदळली होती.

त्या संध्याकाळी कुणी मला काही विचारलं नाही. हेच सगळ्यात वाईट होतं. आपल्या विभागात कुणी माझ्याकडे बघेना. पेटी चौकशीवाल्यांनी उचलून नेली, केबलीसकट. अल्टिमीटरची चाचणी, आणि विमान जमिनीच्या फार जवळ आलेलं. मलासुद्धा दुसरं काही सुचत नव्हतं. वायर लांब तर काटा उंच. हातभर वायर माझ्या डोक्यात सारखी ताणली जात होती, आखडली जात होती. तू बरोबर कापलीस ना रे? डाख पक्का होता ना? आणि मी झाकण इतक्या जोरात आवळलं, आत काही हललं तर नाही ना?

अकोल्याला तुझ्या अस्थी घेऊन मीच आलो. स्टेशनवर तुझे काका, मळ्यातली माणसं, आणि माय. ती रडत नव्हती. दगड होऊन माझ्या हातातल्या लहानशा गाडग्याकडे बघत होती, जणू मी ते चुकून दुसऱ्याच कुणाचं आणलं होतं. घरी आल्यावर काका लोकांना सांगत होते, "त्याच्याच हातचं मशीन होतं म्हन्ते. त्यानंच दुरुस्त केलं, अन् त्यातच गेला." वाईट मनानं नव्हतं ते. गावात मरणाला कारण लागतं, आणि हे कारण त्यांच्या हाताशी होतं. पण मायनं ते ऐकलं. सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"मधू, तुले सगळं मालूम हाय. खरं सांग. पेटी खोटं बोलली काय?"

तिनं माझं मनगट धरलं.

"माह्या पोराच्या हातून चुकलं काय? त्याच्या हातानं थो मेला, अन् दुसऱ्याचा लेकही मरत होता. असं असन त सांग मले. मी सहन करीन. पन अर्धं नोको सांगू."

"मालूम नाही, माय," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि तिला काहीच उपयोगाचं नव्हतं. तिनं मान हलवली आणि उठली. त्यानंतर तुझं नाव ती कुणासमोर घेईना. तेराव्याला जमलेल्या बायकांनी गजूच्या आठवणी काढल्या तर उठून आत जायची. मुलगा गेलाच होता. तो चांगला कारागीर होता हेही तिच्याकडून गेलं होतं. मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी तिच्या घरी जेवू शकलो नाही.

घरी अमरावतीला वडिलांनी एवढंच म्हटलं, "चौकशी होऊ दे. तोवर स्वतःला फाशी देऊ नकोस." मास्तर माणूस, निकाल लागेपर्यंत थांबायची सवय. मला थांबणं जमत नव्हतं.

तळावर परतलो तो स्टेशनवरून सरळ इस्पितळात गेलो. थॉमस साहेब शुद्धीवर होते. एक पाय प्लास्टरमध्ये, अर्धा चेहरा पट्टीत. त्यांची हिंदी मोडकी, माझं इंग्रजी मोडकं. मी दारातच विचारलं, "साहेब, काटा चुकला होता का?"

त्यांना प्रश्नच कळला नव्हता. मग म्हणाले, "काटा? गिधाड आलं. उतरायला वळलो आणि समोरून गिधाड, सरळ इंजिनात. इंजिन बंद. तुला कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण चौकशीवाल्यांना इंजिनात पिसं सापडली तेव्हा मी अकोल्याच्या गाडीत होतो. मी खुर्ची धरून बसलो.

साहेब सांगत राहिले. धावपट्टीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं, उडी मारण्याइतकी उंची नव्हती. त्यांचे डोळे बाहेर, एखादं सपाट शेत शोधत. आत बघायला सवड नाही. "मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. तो उंची वाचत राहिला. चाचणी चालू असल्यासारखा." थ्री हंड्रेड, टू फिफ्टी, टू हंड्रेड. शंभराच्या खाली आल्यावर तू मराठीवर आलास. साहेबांना एक आकडा कळत नव्हता. पण आवाज कळत होता, आकडे किती लवकर लवकर येतात ते कळत होतं, आणि त्यावरूनच त्यांनी विमानाचं नाक किती वर धरायचं ते ठरवलं. "शेवटी शेवटी मी जमीन बघत नव्हतो," साहेब म्हणाले, "मी त्याला ऐकत होतो. मग तो एक शब्द बोलला आणि त्याच वेळी चाकं लागली. त्याच वेळी. आधी नाही, नंतर नाही."

त्यांनी तो शब्द मला म्हणून दाखवला. ते मद्रासकडचे, ळकार त्यांना छान जमतो, पण त्यात ळ नव्हता. "टेकलं."

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

चाकं अलगद लागली होती, गजानन. मोकळं शेत असतं आणि तो धुरा मध्ये नसता तर तुम्ही दोघं चालत बाहेर आला असतात, आणि आपण केबलीवरून पुन्हा भांडलो असतो. धुरा गव्हाच्या मागं लपलेला होता. साहेबांना तो दिसला नाही, आणि काटा जमिनीची उंची सांगतो, पुढं काय आहे ते सांगत नाही. तुझी केबल बरोबर होती. तुझा डाख पक्का होता. म्हणून गुंडाळी चुकीची ठरत नाही, एवढं मात्र लक्षात ठेव. नीट जुळवली असती तर तीही चालली असती. मी अजूनही तेच म्हणतो. तू उत्तर देत नाहीस, म्हणून मला रडू येतं.

आणि एक गोष्ट मला पेलत नाही. इंजिन बंद पडल्यावर तुला कळलं असणार. तरी तू काट्यावरून नजर काढली नाहीस. मी असतो तर ओरडलो असतो, डोळे मिटले असते, पिशवी शोधली असती. मी असतो तर साहेब आज नसते. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही, मला ते माहीत आहे. तुझे आभार कसे मानू? ज्या सीटवर तू माझ्याऐवजी बसलास तिच्यासाठी कुठल्या तोंडानं आभार मानू? मी मानतो, आणि मला ते आभार मानणं सहन होत नाही.

काल तुझ्या घरी गेलो. माय ओसरीत फुलं निवडत होती. बाजारात पुन्हा बसायला लागली आहे. मी गिधाडापासून सुरुवात केली, तर तिनं हात वर केला.

"गिधाडाचं मंग सांगजो. पेटीचं सांग."

"पेटी खरं बोलली, माय. शेवटच्या फुटापर्यंत."

"कोन म्हन्ते?"

"स्वतः साहेब म्हणतात. गजाननचा आवाज ऐकून त्यांनी विमान उतरवलं. तो टेकलं म्हणाला, अन् चाकं टेकली. म्हणून साहेब जगले."

तिचे हात थांबले. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ती रडली, त्या दिवसापासून पहिल्यांदा, आणि रडता रडता काकांना हाक मारली, "भाऊजी, इकडे या. हा काय म्हन्ते थे आयका. समद्याईले सांगा." काका आले, उभ्या उभ्या ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

मग मायला एकदम काहीतरी आठवलं. डोळे पुसून म्हणाली, "थो साहेब त मद्रासकडचा. त्याले आपली बोली कशी समजली?"

"समजली नाही, माय. पण त्यांनी शब्द ध्यानात ठेवला. मला जसाच्या तसा म्हणून दाखवला."

"जसाच्या तसा? गजूनं म्हटला तसा?"

"हो."

तिनं फुलं बाजूला सारली. "पाय बरा झाला का त्याले घेऊन ये इथं. मी काही बोल नाही लावणार त्याले. पोटभर जेवू घालीन. फक्त थो शब्द येक डाव माह्यासमोर म्हन म्हना. गजूनं म्हटला तसा."

मी हो म्हणालो, गजानन. साहेब येतील, ते नाही म्हणणारे नाहीत. ते तो शब्द उच्चारतील तेव्हा मी तुझ्या मायच्या तोंडाकडे बघू शकणार नाही.